टर्मिनलवरचा मेल: क्लायंट नंतर, टपालपेटी आधी

प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात पत्रव्यवहार बघतो. संगणक जुना आहे, चार जीबी रॅमचा, त्यावर डेबियन लिनक्स टाकलंय. ब्राउझरमध्ये मेल आणि हिशेबाची शीट एकदम उघडली की मशीन अडकतं. नेट दिवसातून दोन-तीनदा जातं आणि तेव्हा कालची ऑर्डरसुद्धा बघता येत नाही. टर्मिनलमध्ये, म्हणजे फक्त अक्षरांच्या खिडकीत, चालणाऱ्या मेल प्रोग्रॅमांची मट, अल्पाइन, एर्क अशी नावं वाचली. यातलं कोणतं घ्यावं, ते कसं बसवावं, आणि मराठी मेल नीट दिसतील का?

माझं उत्तर: वाचायला निओमट (मटचीच एक शाखा), मेल आणायला एमबीसिंक, पाठवायला एमएसएमटीपी आणि शोधायला नॉटमच. सोलापुरातल्या लहान कारखान्यांची आणि दुकानांची मशीनं सांभाळण्यात माझी वीसएक वर्षं गेली. त्यात जिथे जिथे टर्मिनलवरचा मेल टिकला, तिथे आधी मेल स्वतःच्या डिस्कवर आणला गेला होता आणि वाचायचं साधन, म्हणजे क्लायंट, नंतर निवडलं होतं. जिथे उलट झालं, म्हणजे मट टाकला, तो थेट सर्व्हरला जोडला आणि नेट गेल्यावर पडद्याकडे बघत बसायची वेळ आली, तिथे महिन्याभरात माणसं ब्राउझरकडे परत गेली. तुमची खरी अडचणही रॅमपेक्षा नेटची आहे, म्हणून मी तुम्हालाही हाच क्रम सांगेन. (सेटिंगांची नावं इथे देवनागरीत लिहितोय, फाइलीत ती रोमनमध्येच टाका.)

मेल डिस्कवर ठेवायच्या दोन पद्धती रूढ आहेत. जुन्या एमबॉक्समध्ये पूर्ण पेटी म्हणजे एकच लांबलचक फाइल. तिच्यात लिहिणं चालू असताना लाईट गेली तर त्या एका फाइलीचं नुकसान म्हणजे सगळ्या पेटीचं नुकसान. दुसरी पद्धत मेल्डिर, डॅनियल बर्नस्टाइन यांनी क्यूमेल या मेल सर्व्हरसाठी काढलेली. हिच्यात प्रत्येक मेल स्वतंत्र फाइल असतो आणि पेटीत ‘टीएमपी’, ‘न्यू’ आणि ‘कर’ (cur) असे तीन कप्पे असतात. मेल आधी टीएमपीत पूर्ण लिहिला जातो, मगच न्यूमध्ये सरकवला जातो. मध्येच लाईट गेली तर अर्धवट मेल टीएमपीत पडून राहतो, बाकीच्या पेटीला धक्का लागत नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे लाईट कशी जाते-येते हे तुम्हाला सांगायला नको. यूपीएस नसलेल्या टेबलावर मी मेल्डिरशिवाय दुसरं काही ठेवत नाही.

आता एमबीसिंक. हा आयसिंक या पॅकेजमध्ये मिळतो, एमबीसिंक नावाने पॅकेज शोधाल तर सापडणार नाही. त्याच्या फाइलीत चार तुकडे लागतात: खातं, सर्व्हरवरची पेटी, डिस्कवरची पेटी आणि या दोघांना जोडणारा चॅनल. सर्व्हरच्या बाजूला तो ‘फार’ (far) म्हणतो, आपल्या बाजूला ‘निअर’ (near). जुन्या लेखांत याच जागी मास्टर-स्लेव्ह दिसेल, ते उतरवून घेऊ नका. नवीन माणूस तीन ठिकाणी हमखास अडतो. एक, मेल्डिरसाठीचं मूळ फोल्डर आधी हाताने तयार करावं लागतं, आणि पाथच्या शेवटी तिरकी रेघ द्यावी लागते. दोन, डिस्कच्या तुकड्यात इनबॉक्स कुठे ठेवायचा हे वेगळं सांगावं लागतं, नाहीतर तो होम फोल्डरात भलतीकडेच मेल्डिर नावाची पेटी उघडतो आणि आपण इकडे रिकाम्या पेटीत शोधत बसतो. तीन, फोल्डरात फोल्डर असतील तर सबफोल्डर्ससमोर व्हर्बॅटिम लिहा.

पहिले दोन आठवडे चॅनलमध्ये सिंकसमोर पुल, क्रिएटसमोर निअर आणि एक्स्पंजसमोर (पुसलेले मेल कायमचे काढण्याचं सेटिंग) नन ठेवा. म्हणजे मेल फक्त सर्व्हरकडून तुमच्याकडे येईल, तुमची चूक सर्व्हरवर जाणार नाही. या काळात काही पुसू नका. इथे वाचलेला मेल फोनवर न वाचलेलाच दिसेल, त्याचीही काळजी करू नका. सगळी फोल्डरं नीट येतायत अशी खात्री पटली की सिंक ऑल करा, क्रिएट आणि एक्स्पंज दोन्हीसमोर बोथ लिहा. पहिल्याच दिवशी बोथ लिहून वर्षभराच्या ऑर्डरी सर्व्हरवरूनही घालवलेलं एक ऑफिस मी पाहिलं आहे. ते मेल शेवटी पार्ट्यांकडून एकेक करून परत मागवावे लागले.

खातं जीमेलचं असेल तर तुमचा नेहमीचा पासवर्ड इथे चालणार नाही. आधी दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा, मग ॲप पासवर्ड काढा. तो सोळा अक्षरांचा असतो. तो फाइलीत उघडा लिहू नका, पास नावाच्या प्रोग्रॅममध्ये ठेवा आणि एमबीसिंकला पासकमांड या सेटिंगमधून तो मागायला सांगा. एमएसएमटीपीमध्ये त्यालाच पासवर्डइव्हल म्हणतात. मायक्रोसॉफ्टचं खातं असेल तर साधा पासवर्ड आता बंद आहे, ओऑथ (पासवर्डऐवजी परवान्याची पद्धत) लागतं. त्यासाठी मटबरोबर एक पायथन स्क्रिप्ट येते, पण ते काम दिवसभराचं आहे आणि एमबीसिंकला वेगळा प्लगइनही लागतो. कारखान्याच्या स्वतःच्या डोमेनचा मेल असेल तर सगळ्यात सोपं: मेल आणायच्या आयमॅप पद्धतीसाठी पोर्ट ९९३, पाठवायला ४६५ किंवा ५८७, संपलं.

जीमेलचं लेबल हे आयमॅपमध्ये फोल्डर म्हणून दिसतं. त्यामुळे दोन लेबलं असलेला एकच मेल दोनदा उतरतो, आणि ऑल मेल फोल्डर घेतलं तर तिसऱ्यांदा. पॅटर्न्समध्ये जीमेलची खास फोल्डरं वगळा आणि फक्त पाठवलेल्यांचं परत जोडा. इथे मराठी माणसाला एक वेगळीच अडचण येते: तुमचं जीमेल मराठीत चालत असेल तर ही फोल्डरंही मराठी नावांनी येतात आणि आयमॅपच्या जुन्या सांकेतिक लिपीत अँड चिन्हाने सुरू होणारी अगम्य अक्षरं दिसतात. इंग्रजी नावांनी लिहिलेला पॅटर्न मग जुळत नाही. एमबीसिंकला एल हा पर्याय देऊन चालवा, तो खरी नावं छापून दाखवतो. किंवा जीमेलची भाषा इंग्रजी करा. मी स्वतः इंग्रजीच ठेवतो.

पहिली उतरण मोठी असते. जीमेलवर आयमॅपने दिवसाला सुमारे २५०० एमबीच उतरवता येतात, त्यापुढे खातं काही काळ अडवलं जातं. पेटी दहा-बारा जीबीची असेल तर चार-पाच दिवस धरा आणि रोज संध्याकाळी ऑफिस बंद करताना चालू करून जा.

मग वाचायचं साधन. अल्पाइनला मी मनापासून मान देतो. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या पाइनचा तो वारस, आणि प्रत्येक पडद्याच्या तळाला कोणती कळ काय करते हे लिहिलेलं असतं. टर्मिनल कधी न पाहिलेल्या माणसाला दहा मिनिटांत त्यावर मेल लिहिता येतो. पण तो मुळात सर्व्हरशी थेट बोलण्यासाठी घडलेला आहे. मेल्डिरशी त्याची सोयरीक पॅचमधून होते, म्हणून तुमच्या गरजेत तो बसत नाही. एर्क हा २०१९ पासूनचा, गो भाषेत लिहिलेला. टॅब आहेत, पहिल्यांदा चालू केला की खातं जोडायला तो स्वतः प्रश्न विचारतो, मेल्डिर आणि नॉटमच दोन्ही त्याला कळतात. तुम्ही पंचविशीतले असाल आणि व्हिम या टर्मिनलमधल्या संपादकाची सवय असेल तर एर्क घ्या, मी अडवणार नाही. पण डेबियनच्या स्थिर आवृत्तीत तो बराच मागे असतो आणि त्याच्या सेटिंगांची नावं आवृत्तीगणिक बदलत आली आहेत. मट १९९५ पासून आहे, मायकेल एल्किन्स यांनी लिहिलेला, आणि निओमट ही त्याचीच २०१६ मधली शाखा. मी पंधरा वर्षांपूर्वी लिहिलेली मटची फाइल आजही किरकोळ फेरफारांनी चालते. ऑफिसच्या कामात हे टिकाऊपण मला सगळ्यात मोलाचं वाटतं. आणि मेल मेल्डिरमध्ये आहे म्हटल्यावर उद्या मत बदललं तरी पेटी तीच राहते, फक्त वाचणारा बदलतो.

निओमटच्या फाइलीत सुरुवातीला फार थोडं लागतं. एमबॉक्स टाइप मेल्डिर, फोल्डरसमोर तुमच्या पेटीचा पत्ता, स्पूलफाइल म्हणजे इनबॉक्स, नाव आणि पत्ता, सेंडमेलसमोर एमएसएमटीपी, आणि मेलबॉक्सेस या ओळीत दिसायला हवीत ती फोल्डरं. ही शेवटची ओळ विसरली तर डावीकडची पट्टी रिकामी राहते आणि माणूस तासभर चूक शोधत बसतो. हेडर कॅश चालू करा, जुन्या हार्डडिस्कवर दहा हजार मेलांचं फोल्डर उघडताना फरक लगेच जाणवतो. पाठवलेल्याची प्रत ठेवायला रेकॉर्ड लागतं, पण जीमेलवरून पाठवत असाल तर ते बंद ठेवा, कारण जीमेल स्वतःच प्रत ठेवतं आणि सगळं दुहेरी होतं.

कारखान्याच्या कामात पीडीएफ आणि एचटीएमएल हेच निम्मं आयुष्य. एचटीएमएलसाठी मेलकॅप फाइलीत (कोणती जोडणी कशाने उघडायची हे सांगणारी फाइल) एक ओळ, जी मेल डब्ल्यूथ्रीएम या टर्मिनल ब्राउझरकडून साधा मजकूर करून घेईल आणि शेवटी कोपियसआउटपुट म्हणेल, आणि मटच्या फाइलीत ऑटोव्ह्यू. पीडीएफला तुमचा नेहमीचा वाचक जोडा. पण हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून निघालेली बरीच बिलं पीडीएफ असूनही ऑक्टेट स्ट्रीम या सर्वसाधारण लेबलाखाली येतात, आणि मट म्हणतो हे काय आहे मला कळत नाही. माइम लुकअप नावाची आज्ञा त्या लेबलासमोर लिहा. मग तो फाइलीच्या नावाच्या शेवटाकडे बघून ठरवतो. ही एक ओळ नसल्यामुळे मट सोडलेली माणसं मला माहीत आहेत.

अजून एक सेटिंग मी प्रत्येकाकडे टाकतो: अबॉर्ट नोअटॅच. मजकुरात जोडणीचा उल्लेख आहे पण फाइल जोडलेली नाही, असं दिसलं की ते पाठवण्याआधी थांबवतं. शोधायचे शब्द तुम्हीच देता, म्हणून त्यात ‘सोबत’, ‘जोडला’, ‘जोडली’, ‘जोडत’ हेही घाला. ‘सोबत दरपत्रक जोडत आहे’ लिहून रिकामा गेलेला मेल त्यानंतर आमच्याकडे जवळजवळ बंद झाला.

मराठीचा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलात, पण तो सगळ्यात अवघड आहे. टर्मिनल म्हणजे चौकटींचा कागद, एका चौकटीत एक अक्षर. देवनागरी अशी चालत नाही. ‘स्थिती’ या शब्दात युनिकोडच्या क्रमाने वेलांटी ‘थ’नंतर येते, पण दिसायला हवी जोडाक्षराच्या आधी. एक्सटर्मसारखं टर्मिनल हे जुळवत नाही, मग वेलांट्या भलत्याच अक्षरावर बसतात, जोडाक्षरं फुटतात आणि यादीतले रकाने सरकतात. यात मटचा दोष नाही, म्हणून मटच्या सेटिंगांत उपाय शोधत बसू नका. लोकेल, म्हणजे मशीनचं भाषेचं सेटिंग, यूटीएफ-८ आहे ना आणि नोटो किंवा लोहित देवनागरी फॉन्ट बसवला आहे ना, एवढं बघा. मग एमएलटर्म किंवा कॉन्सोल घ्या. एमएलटर्म तर अनेक लिप्यांसाठीच बनलेलं आहे. एका फाइलीत ‘निश्चित’, ‘विक्री’, ‘स्थिती’, ‘ट्रक’, ‘र्‍हास’ असे शब्द लिहून कॅट या आज्ञेने टर्मिनलवर छापून बघा. हे पाच नीट दिसले तर रोजच्या मेलाला पुरेसं आहे.

तरी लांबलचक मराठी पत्र मी टर्मिनलमध्ये वाचत नाही. पाइप डिकोड हे सेटिंग चालू करून मेल झेनिटी या छोट्या प्रोग्रॅमच्या टेक्स्ट-इन्फो खिडकीकडे पाठवतो आणि त्याला एक कळ बांधून ठेवली आहे. कळ दाबली की साध्या खिडकीत सुरेख देवनागरी उघडते. लिहिण्याचंही तसंच. मटला संपादक टर्मिनलमधलाच हवा असं मुळीच नाही. एडिटरसमोर केट हा खिडकीतला संपादक आणि त्याचा बी हा पर्याय लिहा, किंवा जीएडिट आणि डब्ल्यू. मग मराठी नेहमीच्या कीबोर्डने, नेहमीच्या खिडकीत लिहा, ती बंद केली की मट पुढे चालू होतो. पत्रव्यवहार बहुतेक मराठीतच असेल तर मी एक पायरी पुढे जाऊन ईमॅक्स हा संपादक सुचवेन, टर्मिनलमधला नव्हे, स्वतःच्या खिडकीतला. २०२० च्या सत्ताविसाव्या आवृत्तीपासून तो अक्षरजुळणीसाठी हार्फबझ वापरतो आणि देवनागरी निर्दोष दाखवतो. त्यात म्यूफोरई हा मेल वाचक किंवा नॉटमच चालवता येतं, मेल्डिर हाच. म्यूफोरई घेतलात तर फोल्डर बदलताना फाइलीचं नाव बदलण्याचं सेटिंग चालू करायला विसरू नका, कारण एमबीसिंक आपला क्रमांक फाइलीच्या नावातच ठेवतो, आणि तो तसाच दुसऱ्या फोल्डरात गेला की दुहेरी क्रमांकाची तक्रार करून अडून बसतो.

काही मेल यानंतरही रोमन अक्षरांचा गोंधळ म्हणून येतील. ते श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टात टाइप केलेले असतात. आत खरोखर रोमन अक्षरंच असतात, म्हणून कुठल्याही क्लायंटमध्ये ते तसेच दिसणार. समोरच्याला युनिकोडमध्ये किंवा पीडीएफ करून पाठवायला सांगा.

नॉटमच मेलाच्या फाइलीत ढवळाढवळ करत नाही, वेगळी अनुक्रमणिका बांधतो. एकदा नॉटमच सेटअप, आणि मग प्रत्येक सिंकनंतर नॉटमच न्यू. हिशेबाच्या माणसाला याचं मोल लगेच कळेल: अमक्या पार्टीकडून, २०२३-०४ ते २०२४-०३ या तारखांत, जोडणीच्या नावात पीडीएफ असलेले मेल, असं एका ओळीत मागता येतं आणि पूर्ण आर्थिक वर्ष क्षणात समोर येतं, नेट असो वा नसो. मराठी शोधताना एवढं लक्षात घ्या की त्याला आपले विभक्तिप्रत्यय कळत नाहीत. ‘टॉवेल’ शोधलं तर ‘टॉवेलची’ सापडणार नाही, म्हणून ‘टॉवेल’पुढे तारांकन लावा.

पाठवण्याच्या बाजूला, नेट गेलेलं असताना मेल अडकू नये म्हणून एमएसएमटीपीबरोबर येणारी एमएसएमटीपीक्यू ही स्क्रिप्ट वापरा. ती मेल रांगेत ठेवते आणि नेट आल्यावर पुढचा मेल गेला की रांगेतलेही सोडते. आणण्यासाठी दर पाच मिनिटांचा टायमर पुरे. फक्त सकाळी मशीन सुरू केल्यावर पासचं कुलूप एकदा उघडावं लागतं, नाहीतर टायमर मागच्या मागे अपयशी होत राहतो आणि तुम्हाला वाटतं आज कोणाचा मेलच नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण पैशाची आहे म्हणून सांगतो. इंडेक्स फॉरमॅटमध्ये (मेलांची यादी कशी दिसावी हे ठरवणारं सेटिंग) पाठवणाऱ्याच्या नावाऐवजी त्याचा पत्ता दाखवायला लावा, टक्केवारीच्या चिन्हापुढे मोठ्या एलऐवजी लहान ए, आणि रकाना तीस अक्षरांचा. माझ्या ओळखीच्या एका सुताच्या व्यापाऱ्याला नेहमीच्या गिरणीच्या नावाने मेल आला, ‘आमचं बँक खातं बदललं आहे, पुढचं पेमेंट इकडे करा’. ब्राउझरमध्ये नाव बरोबर, पत्ताही बरोबर वाटत होता. टर्मिनलमध्ये मात्र डोमेनमधला एम हा एम नव्हताच, आर आणि एन शेजारी शेजारी होते. टर्मिनलच्या फॉन्टात प्रत्येक अक्षराला सारखी जागा मिळते, त्यामुळे ते दोन ठळक वेगळे दिसले. शंका आली की मेल उघडून एच दाबा, सगळे हेडर दिसतात. उत्तर भलत्याच पत्त्यावर जाणार असेल तर तिथे रिप्लाय-टूमध्ये कळतं. आणि खातेबदलाचा मेल आला की पार्टीला जुन्या नंबरवर फोन करा, मेलातल्या नंबरवर नाही.

शेवटचं काम बॅकअपचं. सिंक ऑल केल्यावर एमबीसिंक आरसा होतो, सर्व्हरवर पुसलेलं इथेही पुसलं जातं. तेव्हा आठवड्यातून एकदा पेटीची वेगळी प्रत काढाच. पण मेल्डिर फोल्डर उचलून थेट पेनड्राइव्हवर टाकू नका. मेल्डिरच्या फाइलींच्या नावात अपूर्णविरामाचं चिन्ह असतं आणि पेनड्राइव्हवरच्या फॅट किंवा एक्सफॅटला ते चालत नाही, निम्म्या फाइली वाटेतच गळतात. आधी टारने एकच गठ्ठा करा आणि तो कॉपी करा. फॅटवर चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, म्हणून पेनड्राइव्ह एक्सफॅटचा घ्या, किंवा गठ्ठा वर्षवार पाडा. कॉपी झाल्यावर पेनड्राइव्ह दुसऱ्या मशीनला लावून गठ्ठ्यातला एखादा मेल उघडून बघा, मगच तो कपाटात ठेवा.